मेंदू पाहिजे, अनुभव आवश्यक

मेंदूवर संशोधन कसं करतात ते शिकायचं असेल, तर पीएचडीला प्रवेश घ्यावा लागतो. पीएचडीला प्रवेश हवा असेल, तर मेंदूवर संशोधन केलेलं असावं लागतं. ही दोन वाक्यं लागोपाठ वाचून ज्याला काहीच खटकलं नाही त्याने अर्ज करू नये. त्याची जागा निवड समितीवर आहे.

फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच हा हंगाम सुरू होतो. अमेरिकेतल्या बहुतेक न्यूरोसायन्स विभागांची मुदत १ डिसेंबरच्या आगेमागे. टीआयएफआर आणि बेंगळुरूच्या एनसीबीएसची जेजीईबिल्स परीक्षा डिसेंबरात. सीएसआयआर-नेटचा हिवाळी फेरा त्याच सुमाराला, गेट फेब्रुवारीत. या सगळ्यांच्या कचाट्यात जी सापडते तिला आपण या सदरापुरतं 'उमेदवार' म्हणू. निवडणुकीला उभं न राहताही अनामत रक्कम जप्त होऊ शकते, हे त्या शब्दातून आपोआप सूचित होतं.

आपली उमेदवार सातारा जिल्ह्यातली. तालुक्याच्या कॉलेजातून बीएस्सी झूलॉजी, मग विद्यापीठातून एमएस्सी. मार्क चांगले. तिला जाणून घ्यायचंय की भीती मनात बसते कशी आणि बसलेली भीती जाते कुठे. हा प्रश्न कुठल्याही धड्याच्या शेवटी छापलेला नाही, तिचा स्वतःचा आहे. अडचणी तिथूनच सुरू होतात.

*

अर्जातला पहिला वजनदार रकाना : संशोधनाचा अनुभव.

उमेदवाराच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक आहेत. कपाटात आहेत. कपाटाला कुलूप आहे, किल्ली सरांकडे आहे आणि सर निवडणुकीच्या ड्युटीवर आहेत. नॅकची समिती आली तेव्हा ते सूक्ष्मदर्शक एकदा बाहेर आले होते. पांढऱ्या चादरीवर, पुष्पगुच्छांच्या शेजारी ओळीने मांडले होते. समिती गेली, तेही गेले.

मग ती मेल पाठवायला लागते. मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बेंगळुरूचं एनसीबीएस, निम्हान्स, भारतीय विज्ञान संस्थेतलं २००९ साली सुरू झालेलं न्यूरोसायन्स केंद्र, पुण्याचं आयसर. 'आदरणीय सर, मला आपल्या संशोधनात अत्यंत रस आहे' अशी सुरुवात. सरांना या वाक्यात अजिबात रस नसतो, कारण सकाळपासून ते अकराव्यांदा आलेलं असतं. बहुतेकांचं उत्तर येत नाही. एक ताबडतोब येतं : मी ३१ तारखेपर्यंत रजेवर आहे. कुठल्या महिन्याच्या, ते लिहिलेलं नसतं.

आणि एक खरंखुरं येतं. ये म्हणतात. मानधन नाही, राहायची सोय नाही, पण ये. आता पुण्या-बेंगळुरूत सहा महिने फुकट राबायचं म्हणजे खोलीभाडं, मेस, बसचा पास. तेव्हा अर्जात 'संशोधनाचा अनुभव : सहा महिने' असं जे दिसतं, तो पुष्कळदा वडिलांच्या खिशाचा अनुभव असतो. समिती मात्र तो मुलीच्या बुद्धीच्या खात्यावर जमा करते. ज्यांच्या वडिलांचा खिसा द्राक्षाच्या पडलेल्या भावावर अवलंबून, त्यांच्यात 'संशोधनाची ओढ कमी दिसते'.

उमेदवाराच्या आईने दोन तोळे बँकेत ठेवले आणि ओढ निर्माण झाली.

लॅब फळमाश्यांची. केळं ठेवलं की कुठून तरी येतात त्या चिलटांएवढ्या माश्या. सकाळी काचेच्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड सोडून त्यांना गुंगवायचं, सूक्ष्मदर्शकाखालच्या पांढऱ्या पॅडवर पसरायचं आणि चित्रकलेच्या बारीक ब्रशने नर एकीकडे, माद्या दुसरीकडे सारायच्या. कोषातून बाहेर पडल्यापासून आठेक तासांच्या आत माद्या वेगळ्या काढाव्या लागतात. उशीर झाला तर त्यांनी आपलं आपण जमवलेलं असतं, आणि ज्या वंशाशी जमायला हवं होतं त्याच्याशी नाही. आठवड्याचा प्रयोग पाण्यात. दुपारी मोठ्या पातेल्यात मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार घालून माश्यांचा स्वयंपाक. संध्याकाळी आईचा फोन.

"काय केलंस गं आज?"

"माश्या निवडल्या."

"तांदूळ निवडतात तशा?"

"हो, जवळजवळ."

"मी तांदूळ निवडायला बसवत होते तेव्हा अभ्यासाचं कारण सांगून पळायचीस."

नोकरी न करता दिवसभर माश्या मारते, असं म्हणायची सोय भाऊबंदांना नाही. मारल्या तर गाईड ओरडतात.

*

आता परीक्षा. नेटच्या लाइफ सायन्सेसच्या अभ्यासक्रमात तेरा घटक. उमेदवाराला मेंदू हवा, पण वाट प्रकाशसंश्लेषणावरून, उत्क्रांतीवरून, परिसंस्थेवरून आणि शेवाळावरून जाते. तिने रात्री-बेरात्री शेवाळाला ज्या शिव्या घातल्या त्या छापण्यासारख्या नाहीत. (शेवाळ लक्षात ठेवा. त्याचा हिशोब पुढे चुकता होणार आहे.)

परीक्षा ठरल्या दिवशी होईलच असंही नाही. जून २०२४ मध्ये यूजीसी-नेट झाल्यावर दुसऱ्या दिवशी रद्द झाली आणि पाठोपाठ सीएसआयआर-नेट पुढे ढकलली गेली. ती जुलैच्या अखेरीस झाली. अनिश्चिततेला तोंड देणं हा संशोधकाचा गुण मानतात. आपली यंत्रणा तो गुण प्रवेशाआधीच अंगी बाणवते, तेही विनाशुल्क.

पण एक गोष्ट या परीक्षांची मान्य केली पाहिजे. नेटमध्ये चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापतात, सोडलेल्या प्रश्नाला काही कापत नाहीत. शेवटच्या भागात तर पंच्याहत्तर प्रश्नांतले पंचवीसच सोडवायचे असतात. म्हणजे पन्नास वेळा 'माहीत नाही' म्हणायची सरकारी परवानगी! ठोकून दिलं तर शिक्षा, गप्प बसलं तर माफी. अख्ख्या प्रक्रियेत 'माहीत नाही' या उत्तराची लेखी इभ्रत राखणारी ही एवढीच जागा. पुढच्या टप्प्यावर हेच दोन शब्द उच्चारले की अर्ज केराच्या टोपलीत.

*

पुढचा टप्पा एसओपी, म्हणजे 'स्टेटमेंट ऑफ पर्पज'. दोन पानांत लिहायचं की मी कोण, मला हा विषय का आवडतो, पुढच्या पाच वर्षांत मी कोणता प्रश्न सोडवणार आणि तुमच्याच विद्यापीठात का सोडवणार.

पहिला परिच्छेद आजीचा असतो. आजीला अल्झायमर झाला, तिने मला ओळखलं नाही आणि त्या क्षणी मी ठरवलं. सगळे एसओपी खरे मानले तर या देशात नातवंडांची नावं आठवणारी एकही आजी शिल्लक नाही. उमेदवाराच्या आजीला मात्र सगळं आठवतं. १९७२ च्या दुष्काळात कुणी किती ज्वारी उसनी नेली आणि परत केली नाही, हे तिला आडनावांसकट पाठ आहे. अशी आजी असेल तर न्यूरोसायन्सला अर्ज कशाच्या जोरावर करायचा?

दुसऱ्या परिच्छेदापासून आत्मविश्वास. 'मी भीतीच्या स्मृतीमागची यंत्रणा उलगडणार आहे.' उलगडणार आहे! वय वर्षं तेवीस. जरा या विषयाची जमाखर्चाची वही बघू. सी. एलिगन्स नावाचा एक कृमी आहे, लांबी मिलिमीटरभर, चेतापेशी मोजून ३०२. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ साली ३४० पानांत छापून झाला. तरी तो कृमी पुढच्या क्षणी डावीकडे वळेल की उजवीकडे, हे आजही खात्रीने सांगता येत नाही. प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्यात १,३९,२५५ चेतापेशी आणि पाच कोटींच्या घरात जोडण्या. माणसाच्या डोक्यात चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी. एवढ्या अंधारात जुनेजाणते चाचपडत असताना त्यांनीच तयार केलेला फॉर्म तेवीस वर्षांच्या मुलीला विचारतो, पाच वर्षांत नक्की काय सापडेल ते सांग. सापडेल ते आधीच सांगता आलं असतं तर तिला पाच वर्षं विद्यावेतन कशासाठी द्यायचं?

खात्रीची किंमत या विषयाने एकदा जाहीर मोजलेली आहे. १९०६ चं वैद्यकाचं नोबेल इटलीच्या गॉल्जी आणि स्पेनच्या काहाल यांना विभागून मिळालं. गॉल्जी म्हणत, मेंदू म्हणजे एकच सलग जाळं. काहाल म्हणत, छे, सुट्या सुट्या पेशी. काहाल यांनी हे शोधलं होतं गॉल्जींनीच बसवलेली रंगवण्याची पद्धत वापरून. गॉल्जींनी नोबेलच्या व्यासपीठावरून भाषण केलं तेही काहाल यांच्या मताविरुद्ध. बक्षीस एक, मानकरी दोन, आणि त्यांतले एक चुकीचे. ज्याची खात्री व्यासपीठावरही ढळली नाही, तेच ते. गॉल्जींचा एसओपी आज पहिल्या फेरीत निवडला गेला असता. काहाल यांच्या अर्जावर शेरा पडला असता : उमेदवाराला चित्रकार व्हायचं होतं, मधे न्हाव्याकडे आणि चांभाराकडे उमेदवारी केलेली दिसते, ध्येय स्पष्ट नाही.

एरिक कँडेल हार्वर्डमध्ये इतिहास आणि साहित्य शिकले होते. नंतर समुद्री गोगलगाईत स्मृती शोधली आणि २००० साली नोबेल घेतलं. आपल्याकडचे ओबेद सिद्दिकी मूळचे वनस्पतिशास्त्राचे. सूक्ष्मजीवांच्या जनुकशास्त्रात नाव कमावल्यावर ते माशीच्या मज्जासंस्थेकडे वळले आणि कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये माशीला चव आणि वास कसा कळतो ते शोधत बसले. केनियात जन्मलेल्या, गोव्याच्या घरातल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी डब्लिनला मायक्रोबायॉलॉजीची पदवी घेतली, सिद्दिकींचा शोधनिबंध वाचला आणि सरळ कुलाबा गाठलं. पुढे त्यांनी माशीच्या चवीवर आणि वासावर जे काम केलं ते जगाने वाखाणलं. आज त्या मुलाखतीला आल्या असत्या तर पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, फील्ड का बदलताय?"

*

शिफारसपत्रं. तीन लागतात. जगात तीन माणसं अशी हवीत की ज्यांनी तुम्हाला काम करताना जवळून पाहिलंय, ज्यांना इंग्रजी लिहिता येतं आणि जी मुदतीत लिहितात. तिन्ही गुण एका माणसात सापडले तर त्याच्यावरच संशोधन करावं.

आपल्याकडे याला रामबाण तोड आहे : 'तूच लिहून आण, मी सही करतो.' त्यामुळे गेल्या कित्येक वर्षांत या देशातल्या मुलांनी स्वतःची सर्वोत्तम स्तुती परक्या माणसाच्या आवाजात लिहायची कला साध्य केली आहे. गोंधळ होतो तो तक्त्यापाशी. तिथे सरांना खूण करायची असते : हा विद्यार्थी तुम्ही आजवर पाहिलेल्यांत वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत की दहा टक्क्यांत? तो भरायला सरांनी पोर्टलवर जावं लागतं. पोर्टलची लिंक मेलवर येते. पुढचा प्रसंग स्टाफरूममधला, डबा खाण्याच्या वेळचा.

"सर, माझ्या रेकोची लिंक आली असेल तुम्हाला."

"कुठली लिंक? मी लिंक उघडत नाही. बँकेने बजावलंय."

"सर, ती विद्यापीठाची आहे. अमेरिकेतली."

"तेच सांगतात सगळे. वाघमारे सरांच्या मेहुण्याचे चाळीस हजार असेच गेले."

"सर, आज शेवटची तारीख आहे."

"बघ, हेसुद्धा तेच सांगतात. 'आजच करा, नाहीतर खातं बंद.'"

सरांचं चुकलं असं म्हणता येत नाही. त्यांच्या दृष्टीने उमेदवाराच्या भवितव्याची आणि भामट्याची भाषा एकच आहे. शेवटी ती त्यांच्या मुलाला गाठते, मुलगा खेळ थांबवून सरांचा मोबाइल घेतो आणि 'वरच्या एक टक्क्यात' खूण करून टाकतो. मुलगा आठवीत आहे. अमेरिकेतल्या एका नामवंत विद्यापीठाची निवड त्याच्या अंगठ्यावर येऊन ठेपलेली असते.

*

फीबद्दल थोडक्यात, कारण ती भरताना उमेदवाराचे वडीलही थोडक्यातच बोलतात. एका अर्जाला पाऊणशे ते सव्वाशे डॉलर. दहा ठिकाणी अर्ज केले तर पाऊण लाखाच्या पुढेमागे, तेही नकार मिळवण्यासाठी. पुष्कळ विभागांनी जीआरई परीक्षेची अट सोडून दिली ही त्यातल्या त्यात दया. काही ठिकाणी फी माफ होते, पण ती माफी मागण्याचाही फॉर्म असतो आणि तो आहे हे ज्यांना फी परवडते त्यांनाच ठाऊक असतं. एकदा आत गेलं की अमेरिकेत पीएचडीला शिकवणीची फी नाही, वर विद्यावेतन मिळतं. हे मात्र कुणाला पटवून देता येत नाही. "शिकायचे पैसे तेच देतात? मग नक्की काहीतरी गोम असणार."

गोम २०२५ साली दिसली. तिथल्या सरकारने आरोग्य संशोधनाच्या पैशाला कात्री लावली, विभागांनी जागा कमी केल्या, आणि यूमास चॅन या वैद्यकीय विद्यापीठाने दिलेले प्रवेश मार्चमध्ये परत घेतले. मेच्या अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या. जूनमध्ये सुरू झाल्या त्या नव्या अटीसह : समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवा. म्हणजे एसओपीत तुम्ही कोण ते दोन पानांत सांगायचं आणि दूतावासाने ते खरं का खोटं, हे अकरावीतल्या गणपतीच्या फोटोंवरून ठरवायचं.

*

नातेवाइकांची समिती सर्वांत कडक. तिला पोर्टल लागत नाही. ती लग्नाच्या पंगतीत बसते.

"न्यूरो म्हणजे डॉक्टर होणार का गं?"

"नाही मावशी, संशोधन."

"बरं झालं भेटलीस. माझ्या डाव्या हाताला मुंग्या येतात रात्री. मान आहे की नस आहे?"

"मी माश्यांवर काम करते मावशी."

"मुंग्यांवर करायचं होतंस. किती वर्षं हे?"

"पाच-सहा."

"मग नोकरी?"

"मग पोस्टडॉक."

"म्हणजे परत शिक्षण?"

"नाही, काम. पण कायमचं नाही."

"आणि कायमचं कधी?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला अख्ख्या विषयात कुणी पुढे येत नाही. कनिष्ठ संशोधकाला केंद्राची फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. ती वेळेवर मिळेल असं मात्र आदेशात म्हटलेलं नाही. राज्यात सारथी, बार्टी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी मुलं उपोषणाला बसतात. त्याच संदर्भात २०२३ च्या नागपूर अधिवेशनात एका उपमुख्यमंत्र्यांनी सभागृहात विचारलं होतं, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार आहेत? गदारोळ झाला, नंतर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. खरं तर दिलगिरीची गरज नव्हती. प्रश्न शास्त्रीय होता आणि त्याचं शास्त्रीय उत्तर २००५ सालीच छापून आलेलं होतं.

हिरव्या शेवाळात एक प्रथिन असतं. त्यावर निळा प्रकाश पडला की ते पेशीचं दार उघडतं. स्टॅनफर्डमध्ये कार्ल डायसरॉथ यांच्याबरोबर एड बॉयडन आणि फेंग झांग यांनी ते प्रथिन चेतापेशीत बसवलं. दिवा लावला की पेशी चालू, विझवला की बंद. कुठल्या पेशी पेटल्या की उंदीर घाबरतो, हे त्यानंतर थेट दिवा लावून पाहता येऊ लागलं. हे काम झालं तेव्हा बॉयडन आणि झांग दोघेही पीएचडीचे विद्यार्थी होते. तर मुलं काय दिवे लावतात? हे लावतात. मेंदूत लावतात. सभागृहात तशी सोय अजून झालेली नाही.

आणि ते शेवाळ, क्लॅमिडोमोनास. उमेदवाराने नेटच्या तयारीत शिव्या घातलेल्यांपैकीच एक. ज्याचं प्रकाशाकडे पोहणं पिढ्यान्‌पिढ्या 'याचा उपयोग काय' या सदरात मोडत होतं, त्यानेच तिच्या आवडत्या प्रश्नाची कडी काढली. उपयोग आधी लिहून मागणाऱ्या फॉर्मवर ते शेवाळ पहिल्याच रकान्यात नापास झालं असतं.

*

शेवटी मुलाखत. पांढरा फळा, एक मार्कर, समोर पाच जण. इथे नियम पुन्हा उलटतात. चांगलं पॅनेल उमेदवाराला काय येतं ते विचारत नाही, येत नाही तिथपर्यंत ढकलत नेतं आणि तिथे पोचल्यावर ती काय करते ते बघतं. हे नियम कुठे छापलेले नसतात. ज्यांचा दादा आयसरला आहे त्यांना ते जेवणाच्या टेबलावर कळतात. बाकीचे क्लासमध्ये दोन हजार प्रश्नांची उत्तरं पाठ करून येतात, कारण आयुष्यभर त्यांना सांगितलेलं असतं की गप्प बसू नकोस, काहीतरी बोल.

"वासाबरोबर विजेचा झटका दिला की माशी तो वास टाळायला शिकते," पॅनेल म्हणतं. "मग झटका न देता तोच वास पुन्हा पुन्हा दिला तर टाळणं कमी होतं. म्हणजे भीती पुसली गेली का?"

उमेदवाराच्या आधीचा मुलगा म्हणाला होता, "येस सर." कशावरून? "पुस्तकात आहे सर."

उमेदवार क्षणभर थांबते. "माहीत नाही," म्हणते. "पण दोन दिवस काहीच करणार नाही. मग तोच वास परत देईन. माशीने परत टाळला तर भीती पुसली नव्हती, नुसती दबली होती."

पाव्हलॉव्हने कुत्र्यांच्या बाबतीत अगदी हेच पाहिलं होतं. विझलेली सवय थोड्या विश्रांतीनंतर आपोआप परत येते. उमेदवाराला पाव्हलॉव्हची घंटा माहीत होती, हा भाग नव्हता. ती तिथे फळ्यापाशी उभ्याउभ्या आपल्या पायांनी पोचली. संशोधन म्हणतात ते यालाच.

आणि इथेच खरी मेख आहे. पॅनेलला 'माहीत नाही' आवडतं हे खरं, पण कुणाच्या तोंडचं? शहरी, सफाईदार इंग्रजीत, खांदे किंचित उडवून कुणी 'आय डोन्ट नो' म्हणालं, तर शेरा पडतो : बौद्धिक प्रामाणिकपणा. तेच उमेदवाराने सातारी वळणाच्या इंग्रजीत, क्रियापद चुकवून सांगितलं, तर शेरा पडतो : बेसिक्स कच्चे, कम्युनिकेशन कमजोर. अज्ञान तेवढंच असतं, उच्चार निराळे असतात. मेंदूतल्या पूर्वग्रहांवर शोधनिबंध लिहिणाऱ्या माणसांच्या मेंदूतही ते असतातच. ती माणसं तरी कुठून सूट आणणार?

याच शास्त्रात १९७६ साली एक माशी सापडली. सीमोर बेंझर यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत इतर माश्या वास आणि झटक्याची सांगड शिकत होत्या, या वंशाच्या माश्या मात्र काही केल्या शिकेनात. शास्त्रज्ञांनी तिचं नाव ठेवलं 'डन्स'. मराठीत सरळ 'ढ'. आपल्याकडे तिला शेवटच्या बाकावर बसवून पालकांना बोलावलं असतं. त्यांनी तिच्या जनुकात काय बिघडलंय ते शोधलं आणि शिकणं म्हणजे पेशीत नेमकं काय घडतं, याचा एक महत्त्वाचा धागा त्या ढ माशीने दिला. हुशार माश्यांकडून तो मिळालाच नसता, कारण त्यांना सगळं येत होतं.

म्हणून एक नम्र सूचना. अर्जात शेवटी एक रकाना वाढवावा : तुम्हाला काय माहीत नाही? शब्दमर्यादा शंभर, भाषा कुठलीही चालेल, आजीचा उल्लेख बाद. तो भरता आला त्याला मुलाखतीला बोलवावं. बाकीचे रकाने समितीला वेळ मिळाला तर वाचावेत. आणि न्यायाला धरून व्हायचं, तर हाच रकाना निवड समितीतल्या प्राध्यापकांनीही आधी भरून दाखवावा. त्यांच्यासाठी शब्दमर्यादा नको. पुरवण्या जोडायची सोय ठेवली म्हणजे झालं.